कुरकुर, गाऱ्हाणे आणि उपकारस्तुती : एका शिकवणुकीची पार्श्वभूमी

संकटात तक्रार करायची नाही, उलट देवाची स्तुती करायची आणि त्याचे उपकार मोजायचे, ही शिकवण ख्रिस्ती उपासनेत आज इतकी रुळली आहे की ती पहिल्या शतकापासून जशीच्या तशी चालत आली असावी असे वाटते. वचने जुनीच आहेत. पण ‘स्तुती किंवा तक्रार, दोहोंपैकी एक निवडा’ असा जो सरळ पेच श्रोत्यांपुढे टाकला जातो, त्याची घडण बव्हंशी दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. त्याआधी रेघ दुसरीकडे ओढलेली होती.

मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक अरण्यात अन्नपाण्यावरून आपला पुढारी मोशे याच्याविरुद्ध कुरकुरत राहिले, ही बायबलमधली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती इथे सविस्तर सांगत बसत नाही. त्यातल्या दोन बाबी मात्र प्रवचनांतून सहसा निसटतात. समुद्रकाठचे विजयगीत आणि मारा येथील कडू पाण्यावरची कुरकुर यांत जेमतेम तीन दिवसांचे अंतर आहे, आणि तिथे कोणालाही शिक्षा झालेली नाही. पाणी गोड करून मिळाले. शिक्षा पुढे, बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकात येते. दुसरी बाब त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली. मांसासाठी लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडत बसले आहेत. ते एकमेकांशी बोलतात, मिसरातल्या काकड्या, खरबुजे आणि लसूण आठवतात, पण देवाशी एक शब्द बोलत नाहीत. देवाशी तोंडावर बोलतो तो मोशे. हे लोक मी जन्माला घातले काय, हा भार मला पेलत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, इथपर्यंत त्याची मजल जाते. मोशेला दटावले जात नाही. भार वाटून घ्यायला सत्तर वडील नेमून मिळतात. लोकांच्या वाट्याला मात्र लावे पक्षी आणि त्यांच्यामागोमाग मरी येते. छावणी एक, अध्यायही एक. फरक गाऱ्हाणे कोणाकडे नेले याचा आहे.

स्तोत्रसंहितेतही हेच दिसते. १५० स्तोत्रांपैकी एकतृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो आणि सहाव्या ओवीत गाणे सुरू होते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तेवढेही वळण नाही, ते अंधारातच संपते आणि तरीही संहितेत आहे. सारे काही गमावलेल्या ईयोबाचे ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे पहिल्या अध्यायातले उद्गार प्रत्येक अंत्यविधीत ऐकू येतात. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, त्याची आठवण क्वचितच कोणी काढते. शेवटी देवाचा राग ओढवतो तो देवाची बाजू नीटनेटकी मांडणाऱ्या तीन मित्रांवर.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, चांगल्याबद्दल देवाला धन्यवाद द्यावा तसाच वाइटाबद्दलही द्यावा, असा स्पष्ट नियम आहे. पण दोन्ही वेळी म्हणायचे शब्द वेगळे ठरवून दिले आहेत. चांगल्या बातमीला ‘जो चांगला आहे व चांगले करतो तो धन्य’, वाईट बातमीला ‘सत्य न्यायाधीश धन्य’. वाईट बातमीला चांगली म्हणण्याची सक्ती नाही. पुढे येणाऱ्या विसाव्या शतकातल्या वादात हा भेद कुणी वेळीच पुढे आणला असता तर बरीच शाई वाचली असती.

प्रारंभीच्या मंडळीबद्दल, म्हणजे चर्चबद्दल, थोडक्यात. ‘कुरकुर करू नका’ हे फिलिप्पैकरांना लिहिलेले वचन बेड्यांत असलेल्या प्रेषित पौलाचे आहे, आणि फिलिप्पै येथल्याच तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गायली गेली होती, एवढे पुरे. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या एका पदच्युत बिशपाला हद्दपारीच्या वाटेवर ४०७ मध्ये मरण आले. ‘सर्व गोष्टींबद्दल देवाला गौरव’ हे त्याचे शेवटचे शब्द परंपरेने जपले आहेत. पूर्वेकडील मंडळ्यांत ते आजही उच्चारले जातात.

सहाव्या शतकात इटलीत लिहिली गेलेली मठजीवनाची नियमावली या विषयावर विशेष वाचण्यासारखी आहे. तिच्या कर्त्याला कुरकुरीचा मनस्वी तिटकारा. रोजच्या द्राक्षारसाचे माप तो ठरवून देतो आणि पुढे म्हणतो, जिथे तेवढाही मिळत नसेल किंवा मुळीच मिळत नसेल तिथल्या बंधूंनी देवाला धन्यवाद द्यावा, कुरकुरू नये. इथपर्यंत आजच्या प्रवचनासारखेच. पण तोच कर्ता सांगतो की स्वयंपाकघरात पाळी असलेल्यांना जेवणाच्या तासभर आधी ठरल्या वाट्याहून जादा भाकरी आणि पेय द्यावे, म्हणजे वाढताना त्यांच्या तोंडी कुरकुर येणार नाही. उन्हाळ्यातल्या उपासाबद्दल मठाधिपतीला ताकीद आहे: व्यवस्था अशी ठेवावी की बंधूंना रास्त कुरकुरीला कारण उरू नये. म्हणजे रास्त कुरकूर नावाची चीज असते, हे कुरकुरीच्या सर्वांत कडव्या विरोधकाला मान्य होते. आणि ती टाळण्याची जबाबदारी त्याने अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधली होती. उपाशीपोटी वाढणाऱ्याला आधी स्तुती शिकवावी, असे त्याने लिहिलेले नाही.

मधली शतके भराभर ओलांडायला हरकत नाही. सोळाव्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी म्हणून उपकारस्मरण ठरले. तीस वर्षांच्या युद्धात १६३७ च्या साथीत एका जर्मन गावातल्या पाळकाने हजारो दफनविधी केले, त्यांत पत्नीचाही. त्याचे उपकारस्तुतीचे गीत त्याच साथीत सुचले अशी आख्यायिका आहे, पण ते त्याआधीचे असावे असे मानायला जागा आहे. अमेरिकेतल्या गुलामांची गीते १८६७ मध्ये प्रथम मोठ्या संग्रहात छापली गेली. त्यांत ‘माझे दुःख कोणालाच ठाऊक नाही’ आणि ‘हालेलुया’ एकाच गीतात शेजारी शेजारी येतात. गाणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही.

खरा बदल १९४६ मध्ये सुरू झाला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ॲबट्सफर्ड येथे एका पाळकाच्या सभा फिक्या चालल्या होत्या. बाविसाव्या स्तोत्रातली तिसरी ओवी त्याच्या मनात भरली: देव इस्राएलाच्या स्तवनांवर विराजमान आहे. तिचा त्याने लावलेला अर्थ असा की जिथे स्तुती होते तिथे देवाची उपस्थिती उतरते. म्हणून वाटो न वाटो, स्तुतीचा यज्ञ अर्पण करायचा. इब्री लोकांस पत्रातल्या ‘स्तुतीचा यज्ञ’ या शब्दांची त्याला जोड मिळाली. पुढील काही वर्षांत ही शिकवण पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, वर्तुळांत पसरली. उपासनेच्या सुरुवातीला अर्धा-पाऊण तास सलग स्तुतिगीते गाण्याच्या आजच्या पद्धतीचे एक मोठे मूळ इथे आहे.

एक गोष्ट नमूद करायलाच हवी. ज्या स्तोत्रातून ही ओवी घेतली त्याची पहिली ओवी ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही आहे. दुसरीत रात्रंदिवस हाक मारूनही उत्तर नाही. तिसरी ओवी त्या आक्रोशाच्या पोटातून येते. चळवळीने तिसरी उचलली आणि पहिल्या दोन तिथेच ठेवल्या.

१९७० मध्ये अमेरिकी सैन्यात धर्मगुरू राहिलेल्या एका लेखकाचे छोटेखानी पुस्तक निघाले आणि लाखोंनी खपले. इथे वाद पेटला. संकटातही देवाचे आभार माना, एवढ्यावर तो थांबला नाही. संकटाबद्दलच आभार माना, असे त्याचे म्हणणे होते. थेस्सलनीकाकरांस पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे आहे, तर इफिसकरांस पत्रात सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करण्यास सांगितले आहे. लेखकाचा भर दुसऱ्यावर. नोकरी गेली, आजार जडला, घरातला माणूस दारूत बुडाला, तर नेमक्या त्या गोष्टीसाठी स्तुती करा; देवाच्या परवानगीशिवाय काहीच घडत नाही, आणि सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. अशी स्तुती केल्यावर परिस्थिती पालटल्याच्या साक्षी पुस्तकात आणि सभांत एकामागून एक दिल्या जात.

समर्थकांची बाजू उडवून लावण्याजोगी नाही. ही स्तुती वाइटाला चांगले ठरवत नाही, आपली सूत्रे आपल्या हातून सोडून देते, असे ते म्हणत. वर्षानुवर्षे कडवटपणात अडकलेले लोक यातून मोकळे झाले, हेही खरे. पण आक्षेप भारी होते. लेकराच्या मृत्यूबद्दल, बलात्काराबद्दल, दुसऱ्याने केलेल्या पापाबद्दल देवाचे आभार मानायचे, तर ते कृत्य देवाच्या खात्यावर मांडले जाते. शिवाय परिस्थिती पालटण्यासाठी स्तुती करायची म्हटले की स्तुती हे आडवळणाचे मागणेच झाले. आणि पालटली नाही तर दोष कोणाचा? स्तुती मनापासून झाली नसावी, असे दुःखी माणसालाच ऐकावे लागे. याची झळ बसलेली माणसे अनेक मंडळ्यांत होती. विरोधक योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाकडे बोट दाखवत: लाजाराच्या कबरेपाशी येशू आधी रडला, मग सहा ओव्यांनंतर पित्याचे आभार मानले, आणि तेही पित्याने आपले ऐकल्याबद्दल, मित्राच्या मरणाबद्दल नव्हे. माझ्या मते हा पुरावा वाद मिटवण्यास पुरेसा आहे. वाद मात्र मिटलेला नाही.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, आणखी एक आठवण छापून आली आणि दोन्ही पक्षांनी ती आपली म्हणून वापरली. १९४४ साली नाझींच्या राव्हेन्सब्र्युक छळछावणीच्या अठ्ठाविसाव्या बराकीत दोन डच बहिणींना ठेवले होते. फळ्यांवर कुजलेला पेंढा, त्यात पिसवांचा सुळसुळाट. थोरलीने ‘सर्व स्थितीत’ हे वचन धरून एकेका गोष्टीबद्दल आभार मानायला घेतले: आपण दोघी एकत्र आहोत, बायबल झडतीतून वाचले आहे, गर्दी आहे म्हणून ऐकणाऱ्या बायका जास्त आहेत. पिसवांपाशी धाकटी अडली. इथे थोरलीचे चुकतेच आहे, असे तिचे ठाम मत होते. बऱ्याच दिवसांनी कळले की पहारेकरी बराकीच्या आत पाऊल टाकत नव्हते ते पिसवांमुळेच, आणि म्हणून बायबलवाचन निर्वेध चालले होते. प्रवचनात गोष्ट इथे संपते. थोरली बहीण त्याच डिसेंबरात छावणीत मरण पावली, आणि त्याचे काही कारण पुढे ‘कळले’ नाही, हे सांगितलेच जाईल असे नाही.

तक्रारीची जागा आक्रसण्याचे काम फक्त गिटारवाल्या सभांत झाले असे मात्र नाही. १९७१ च्याच नव्या नियमावलीने कॅथॉलिक दैनिक प्रार्थनेच्या आवर्तनातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे वगळली, शिवाय इतर काही स्तोत्रांतल्या ओव्याही. कारण होते त्यांतले शाप; म्हणणाऱ्यांना मानसिक अडचण होते, असे नियमावलीत म्हटले आहे. नव्या करारात हीच शापस्तोत्रे प्रार्थना म्हणून वापरलेली आहेत, याची कबुलीही त्याच परिच्छेदात आहे. शाप आणि विलाप एक नव्हेत हे मान्य. तरी जे म्हणायला अवघड ते गाळायचे, ही वाट दोन्हीकडे एकच.

उलट प्रवाह १९८६ पासून स्पष्ट दिसतो. जुन्या कराराच्या एका अमेरिकी अभ्यासकाने त्या वर्षी लिहिलेल्या लेखाचा मुद्दा असा की विलाप हरवल्याने मंडळीचे मोठे नुकसान होते: देवाशी असलेल्या करारात माणसाला फक्त ‘होय’ म्हणायचा अधिकार उरतो, आणि देवापुढे न्यायाचा प्रश्न न विचारणारे लोक माणसांपुढेही तो विचारेनासे होतात. धर्मशिक्षणसंस्थांत हा लेख वाचला गेला. रविवारच्या गीतांच्या याद्यांवर त्याचा परिणाम व्हायला फार वेळ लागला.

एकविसाव्या शतकात विषय चर्चच्या आवाराबाहेर गेला. २००३ मध्ये दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी पहिल्यात काहींना आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटलेल्या पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितले, काहींना त्रासाच्या, काहींना नुसत्या घडलेल्या. पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाला. कृतज्ञतेच्या वह्यांचे पीक त्यानंतरचे. हा प्रयोग प्रवचनांत ‘विज्ञानानेही सिद्ध केले’ म्हणून सर्रास येतो. पण दुसऱ्या गटाने आपले त्रास कागदावर मांडले होते, देवापुढे नव्हे. विलापाबद्दल त्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका पाळकाने जांभळे मनगटी पट्टे वाटले: तक्रार तोंडातून निघाली की पट्टा दुसऱ्या हातात घालायचा आणि सलग २१ दिवस तो एकाच हातात राहीपर्यंत मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जगभर लाखो पट्टे गेले. प्रार्थनेतले गाऱ्हाणे तक्रारीत धरायचे की नाही, हा प्रश्न त्या मोजणीत येतच नाही.

मग २०२० आले. साथीच्या पहिल्या महिन्यांत ऑनलाइन उपासनांत स्तुतिगीतांची जुनीच यादी चालली, आणि अनेक पाळकांना ती अपुरी पडू लागली. विलापाच्या प्रार्थना लिहिल्या गेल्या, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पुन्हा वाचले जाऊ लागले. २७ मार्चच्या संध्याकाळी रोममध्ये, पावसाने भिजलेल्या रिकाम्या चौकातून जगाला उद्देशून झालेल्या प्रार्थनेसाठी मार्काच्या चौथ्या अध्यायातला वादळाचा उतारा निवडला होता. त्यात शिष्य झोपलेल्या येशूला विचारतात, ‘आम्ही बुडतो याची तुम्हाला चिंता नाही काय?’ वक्त्याने, म्हणजे पोपने, त्या प्रश्नावर बराच वेळ घालवला. हे शब्द बोचरे आहेत, येशूलाही ते लागले असतील, असे तो म्हणाला. पण शिष्यांचा विश्वास सुटला नव्हता, त्यांनी हाक मारली ती त्यालाच, हेही त्याने त्याच भाषणात सांगितले.