कढीपत्त्यावरचे बहुरूपी

"अगं, कढीपत्त्यावर कावळ्याने घाण केलीय बघ," सासूबाईंनी ओट्याजवळून हाक मारली. आमची बाग म्हणजे मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची लोखंडी ग्रिल. तिच्यात सात कुंड्या, एक तुळस आणि वाळत घातलेली फडकी. कावळा त्या ग्रिलच्या आत शिरणार कसा, हा प्रश्न तेव्हा दोघींनाही पडला नाही. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तर घाण पुढे सरकली.

ती अळी होती. सेंटीमीटरभर लांब, ओलसर तपकिरी, मधोमध पांढरा फराटा. पक्ष्याची शीट हुबेहूब. पक्षी काय वाटेल ते खातील, पण शीट सहसा खात नाहीत, आणि एवढ्या एका गोष्टीवर या अळीचं बालपण निभावतं. 'कॉमन मॉर्मन' या फुलपाखराची ही अळी. मुंबईत हे फुलपाखरू सोसायटीच्या आवारापासून रेल्वे रुळांच्या कडेपर्यंत कुठेही दिसतं. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या 'ब्लू मॉर्मन'चं हे जवळचं भावंड. इंग्रजी नाव पडलं ते एकेकाळी अनेक बायका करणाऱ्या एका पंथावरून, कारण या फुलपाखराच्या माद्या तीन वेगवेगळ्या रूपांत आढळतात. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात. मला हे नाव कितीतरी बरं वाटतं, आणि नेमकंही.

तिसऱ्या मजल्यावरची आमची एक कुंडी या फुलपाखराच्या मादीला सापडली कशी? कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. दोन्हींचं पान उजेडासमोर धरून पाहा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या सुगंधी तेलाच्या पिशव्या. हे तेल झाडाने काही आपल्या फोडणीसाठी बनवलेलं नाही, पान कुरतडणाऱ्यांना लांब ठेवायला बनवलंय. पण या फुलपाखराच्या वंशाने ते पचवायची कला साधली, आणि मग जो वास इतर किड्यांना हाकलतो तोच हिला घराचा पत्ता सांगू लागला. मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी टपटप करते. ती पानाची चव घेत असते. चव ओळखणारे केस तिच्या पायांवर असतात. खात्री पटली की एक अंडं, मग दुसरं पान.

पाच-सहा दिवस मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी. एका सकाळी शीट गायब आणि त्या जागी जाडजूड हिरवी अळी. चार वेळा कात टाकून ती शेवटच्या टप्प्यात येते तेव्हा हे होतं. एवढ्या मोठ्या आकाराची शीट कोण खरी मानणार? तेव्हा सोंग बदललेलं बरं. अळीच्या शरीरात एक संप्रेरक असतं. ते भरपूर असेपर्यंत कात टाकली तरी शिटेचाच वेष राहतो. ते ओसरलं की पुढची कात हिरवी निघते. या हिरव्या अळीच्या पाठीवर पुढच्या बाजूला दोन मोठे डोळे दिसतात. ते रंगवलेले. खरे डोळे खाली इवल्याशा डोक्यावर, दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक ठिपके, आणि त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं काही कळत नाही.

मी काडीने तिला हलकेच डिवचलं. मानेमागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि एक आंबूस, खवट दर्प. सापाची जीभ वाटावी असं ते शिंग. दर्प येतो त्यातल्या आम्लांमुळे. त्यातलं एक आम्ल खवट लोण्याच्या वासाच्या जातीचं असतं. मुख्य गिऱ्हाईक मुंग्या. सासूबाई म्हणाल्या, "त्रास नको देऊस तिला." दोन दिवसांपूर्वी त्याच म्हणत होत्या की पोह्यांत घालायला पान उरलं नाही.

एक कबुली द्यायला हवी. फुलपाखरं बघताना 'किती सुंदर' असं मी आजवर शेकडो वेळा म्हटलं असेन. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की यातलं काहीच माझ्यासाठी मांडलेलं नव्हतं. शीट बुलबुलासाठी, डोळे दयाळासाठी, दर्प मुंग्यांसाठी. मी आपली दुसऱ्यांच्या नावाची पत्रं वाचत बसलेली.

त्या महिन्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये, कुंडीवर एकूण चार अळ्या होत्या. एक नुसतीच नाहीशी झाली. एक कोष ग्रिलच्या गंजलेल्या सळीवर लागला, तपकिरी. दुसरा कढीपत्त्याच्या देठावर, हिरवा. आई एक, झाड एक, पण कोष करायला बसलेल्या जागेचा पोत आणि रंग जोखून कातडीचा रंग ठरतो. तिसरा कोष तुळशीच्या कुंडीमागे होता. तो काळवंडला, त्याला टाचणीएवढं भोक पडलं आणि त्यातून चमकदार हिरव्या, मुंगीहून लहान अशा पुष्कळ माश्या निघाल्या. गांधीलमाशीची ही चिमुकली नातलगं. कोष ताजा, मऊ असताना त्यांची आई त्याला टोचून आत अंडी घालते, आणि पिल्लं फुलपाखराचा ऐवज आतून खाऊन वाढतात. हे पाहून मला वाईट वाटलं हे खरं, पण त्या माश्या ऊन पडल्यावर पाचूसारख्या चमकत होत्या हेही खरंच.

सळीवरच्या कोषातून दहाव्या-अकराव्या दिवशी मादी निघाली. चुरगळलेले पंख, ओल्या कपड्यासारखे. उलटं लटकून तिने अंगातलं द्रव शिरांमध्ये ढकललं आणि काही मिनिटांत पंख ताठ झाले. काळे, मागच्या पंखांवर पांढरे आणि गुलाबी-लाल डाग. हे सगळ्यांत मोठं सोंग. 'कॉमन रोझ' नावाचं दुसरं फुलपाखरू अगदी असंच दिसतं. त्याची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, वेलीतलं विष अंगात साठवते, आणि पक्षी एकदा तोंड पोळल्यावर त्याच्या वाटेला जात नाहीत. आमच्या मादीत विषाचा थेंब नाही, नुसता वेष. फरक ओळखायचा तर अंग पाहायचं: रोझचं लाल, हिचं काळं. पक्षी एवढं बघत बसत नाहीत.

बिनविषारी जीव विषारी जिवाची नक्कल करतो, हे इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी अमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 साली मांडलं. वेगळ्या जातीच्या समजल्या जाणाऱ्या या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे 1865 साली त्यांचेच मित्र आणि निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दाखवलं. मग शंभरहून अधिक वर्षं प्रश्न राहिला की रंग, ठिपके, आकार असं सगळं एकदम बदलतं कशाने? समजूत अशी की एकमेकांना चिकटलेल्या बऱ्याच जनुकांचं हे काम असावं. 2014 साली फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की किल्ली एकाच जनुकात आहे. 'डबलसेक्स' त्याचं नाव. कीटकाला नर की मादी घडवणारं हे जुनंच जनुक, त्यानेच हा जादा धंदा सुरू केलेला. नरांकडेही ते असतं, पण सोंग फक्त माद्याच घेतात.

तासाभराने ती उडाली आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून दिसेनाशी झाली.

परवा आमटीच्या फोडणीसाठी सासूबाई कढीपत्ता तोडायला गेल्या आणि थबकल्या. कोवळ्या पानावर मोहरीएवढं, पिवळसर, गोल अंडं. "हे आता तुझं," म्हणाल्या, आणि खालच्या वाणीणीकडून दहा रुपयांचा कढीपत्ता आणायला त्यांनी मला पिटाळलं.