बेसचा पिकअप बदलताना : सोल्डर की प्लग?

बेस गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून तिचा विजेचा सिग्नल करणारा भाग, बदलायला आलेलं गिऱ्हाईक हल्ली आधी विचारतं, "सोल्डर न करता होईल का?" होतं, वायरींना डाग देण्याऐवजी नुसत्या प्लगने. पण प्रत्येक बेसमध्ये ते करावं असं आम्हाला वाटत नाही. ते का, हे सांगायला हे पत्रक.

एक शंका आधी मिटवू. सोल्डरने आवाज भरदार होतो आणि प्लगने पातळ होतो, असं काही नाही. जोड स्वच्छ आणि पक्का असला की दोन्ही सारखेच वाजतात. फरक पडतो तो जोड टिकण्यात. आपल्याकडे त्याला पाऊस आणि प्रवास दोन्ही सोसावे लागतात. बेळगाव-खानापूरकडे आषाढात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे केसमधल्या बेसच्या आतल्या वायरी कोरड्या कशा राहणार? आणि गणपतीत तोच बेस टेम्पोत स्पीकरशेजारी पडून निपाणीपर्यंत हिंदकळत जातो.

ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपच्या किटमध्ये पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग), जॅक, वायर सगळं एकमेकांना बसणाऱ्या प्लगचं येतं. तिथे आम्ही खुशाल प्लगच लावतो. पण त्यातले २५ के (किलो-ओहम) चे पॉट जुन्या पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, पिकअपला जोडू नका. त्याला साधारण २५० के लागतो, नाहीतर आवाज दबतो. ॲक्टिव्ह बेसची केबल वाजवून झाल्यावर काढून ठेवा. ती जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.

आमचा आक्षेप आहे तो स्क्रूच्या कनेक्टरला, म्हणजे घरच्या वायरिंगची प्लॅस्टिकची पट्टी बेसमध्ये कोंबण्याला. एकदा आम्हीच घाईत तशी पट्टी लावली होती, वर वायरची टोकं सोल्डरने माखून घेतली. वाटलं, जास्त पक्कं होईल. झालं उलटं. सोल्डर मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते. ऐन कार्यक्रमात बेस खरखरला, वाजवणारा मुलगा रडवेला होऊन परत आला. पट्टी लावावीच लागली तर वायरची मोकळी टोकं पिळून दाबावीत, सोल्डर लावू नये.

जुन्या जॅझ किंवा प्रिसिजन (फेंडरची दोन मॉडेलं) घाटाच्या पॅसिव्ह बेसला आम्ही सोल्डरच करतो. खरं कसब पॉटच्या पाठीवर ग्राउंडची वायर बसवण्यात आहे. पाठ आधी कानशीने घासायची. पत्रा उष्णता ओढून घेतो, म्हणून २५ वॅटचं आयर्न तिथे अपुरं पडतं, आम्ही ६० वॅटचं घेतो. ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं, पण पत्राही तितका तापला पाहिजे. डाग पाण्यासारखा पसरून चमकला तर ठीक. मण्यासारखा गोळा होऊन बसला तर ते ड्राय सोल्डर, आज ना उद्या सुटणार. पत्रेकामाचं ॲसिड कधीच वापरू नका, ते वायर खात राहतं. पिकअपच्या तळाशी जिथे कॉइलची तार येते तिथे आम्ही आयर्न टेकवत नाही. ती तार जेमतेम केसाएवढी, सुमारे ०.०६ मिमी. तुटली की पिकअप गेला.

काम झाल्यावर तुमच्यासमोर रोध मोजायचा मीटर लावतो. जॅझ घाटाचा एक पिकअप बहुधा ७ ते ८ किलो-ओहम दाखवतो, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की निम्मा. मग वाजवून बघतो. दोन्ही मिळून आवाज पोकळ आला तर एकाच्या दोन वायरी उलट आहेत. पॅसिव्ह बेसच्या ब्रिजखालची (तारा अडकवायच्या पट्टीखालची) ग्राउंडची वायरही तपासतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते ती तिच्यामुळे. तारेला हात असताना माइकला ओठ लागून झिणझिणी आली, तर मात्र आधी मंडपवाल्याला अर्थिंग बघायला सांगा. ती दुरुस्ती बेसमध्ये होत नाही.

जुन्या पिकअपच्या वायरी आम्ही कापत नाही, डाग वितळवून सोडवतो आणि पिकअप पिशवीत घालून परत देतो. येताना नेहमीची केबलही आणा. कधी कधी दोष तिच्यातच निघतो.