जहाजावरच्या लॅबमध्ये भूगोलाचे शिक्षक

भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी कापून दाखवलेली असते, भूकवच, प्रावरण, गाभा, आणि वर्गातलं एखादं पोरगं विचारतंच की सर, हे खाली जाऊन बघितलं कोणी? बहुतेक शिक्षकांकडे याचं पुस्तकातलंच उत्तर असतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण हे काम रोज करणाऱ्या माणसाशी त्यांची गाठ कोणी घालूनच दिलेली नसते.

ही गाठ घालून देण्याचा एक सुंदर प्रयोग २००५ मध्ये झाला. जॉयडीस रिझोल्यूशन नावाचं एक जहाज होतं, १४३ मीटर लांब, मधोमध उंच ड्रिलिंग टॉवर, काम एकच की खोल समुद्राच्या तळाला भोक पाडून गाळ आणि दगडाचे लांबट नमुने वर आणायचे, त्यांना कोअर म्हणतात. त्या वर्षी कॅनडातल्या व्हिक्टोरियाजवळची एक मोहीम संपली होती आणि पुढची मेक्सिकोच्या अकापुल्कोहून निघणार होती. मधल्या प्रवासात ड्रिलिंग नाही, म्हणजे लॅब मोकळ्या. मग त्या प्रवासात शिक्षकांनाच जहाजावर घेतलं, सोबत शास्त्रज्ञ दिले, आणि वर्कशॉपला नाव दिलं स्कूल ऑफ रॉक.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की शिक्षकांना नुसतं खुर्च्यांवर बसवून स्लाइड दाखवत बसले नाहीत, साठवलेले कोअर समोर ठेवले आणि कामाला लावलं. एक कोअर साधारण साडेनऊ मीटरचा, त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात, मग प्रत्येक तुकडा उभा चिरतात, एक अर्धा अभ्यासाला आणि दुसरा कायमचा जपून ठेवायला. टूथपिकच्या टोकावर चिमूटभर गाळ घ्यायचा, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा, की नुसता चिखल वाटत होता त्यात सूक्ष्म जीवांची कवचंच कवचं दिसतात. कुठली प्रजाती कुठल्या थरात संपते यावरून वय काढतात. गाळातल्या लोहकणांमध्ये पृथ्वीच्या त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठलेली असते, आणि ते क्षेत्र शेवटचं उलटलं, म्हणजे उत्तर-दक्षिण अदलाबदल झाली, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी, त्यामुळे कोअरमध्ये ती पलटी सापडली की तारखेची एक पक्की खूण मिळते. आता कधी कधी कवचं एक वय सांगतात आणि चुंबक दुसरं, मग शास्त्रज्ञ टेबलाभोवती उभे राहून वाद घालतात. हा वाद शिक्षकाने डोळ्यांनी बघायलाच हवा, कारण पुस्तकात फक्त वाद मिटल्यानंतरची ओळ येते.

शिक्षक अकापुल्कोला उतरले आणि जहाज पुढच्या मोहिमेवर गेलं. पूर्व पॅसिफिकमधल्या १२५६डी नावाच्या भोकात ड्रिलिंग तळाखाली दीड किलोमीटरवर पोचलं आणि सलग, न तुटलेल्या सागरी कवचातून खाली जात गॅब्रो, म्हणजे लाव्हा वर न येता खोलवरच सावकाश थिजून बनलेला खडक, पहिल्यांदा हाती लागला. आपण ज्या लॅबमध्ये काम केलं त्याच लॅबमध्ये काही आठवड्यांत हा दगड आला, हे शिक्षकाला वर्गात सांगता येणं केवढी मोठी गोष्ट आहे!

असाच आणखी एक कोअर आपल्याशी नातं सांगणारा आहे, जरी तो निघाला अटलांटिकमध्ये फ्लोरिडाच्या पूर्वेला, १९९७ मध्ये. त्यात ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, डायनासोर संपले त्या वेळच्या उल्कापाताचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, खाली सूक्ष्मजीवांची भरपूर विविधता, मध्ये वितळून उडालेल्या खडकाचे गोल कण, आणि वर थोडीशीच बारकी कवचं उरलेली. आणि साधारण त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, म्हणजे सह्याद्रीत शिकवणाऱ्या शिक्षकाच्या खिडकीबाहेर त्याच गोष्टीचा दुसरा भाग उभा आहे.

२०१५ मध्ये हेच जहाज अरबी समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात ड्रिलिंग करून गेलं, मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी धनंजय पांडे गोव्याच्या ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्राचे होते. २०२४ मध्ये जहाजाच्या मोहिमा थांबल्या. कोअर मात्र अमेरिका, जर्मनी आणि जपानमध्ये नीट ठेवलेले आहेत.

असं वर्कशॉप भरवायला आपल्याला तर जहाजही लागणार नाही असं मला मनापासून वाटतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं मूळ शोधायला त्याच भागात खोल बोअरहोल घेतलेत, एक तर तब्बल ३ किलोमीटर खोल, वर सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट, म्हणजे त्याच दख्खनच्या लाव्हाचा काळा खडक, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक, आणि या कामाची प्रयोगशाळा कराडमध्येच आहे. सातारा-सांगलीच्या भूगोल शिक्षकांना तिथल्या संशोधकांसोबत दोन-तीन दिवस द्या, कोअर समोर ठेवा, बेसॉल्ट कुठे संपतो ते त्यांनाच शोधू द्या, आणि धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध नेमका कसा यावर संशोधकांची चर्चा चालू असेल तेव्हा त्यांना तिथेच बसवा.