बटण-सेलवरचा रेडिओ: वीज नेमकी जाते कुठे?

खोलीचं तापमान दर मिनिटाला पाठवणारा एक छोटा सेन्सर सीआर २०३२ या बटण-सेलवर चालवायचा आहे. सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. रेडिओ म्हणून नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टरची एनआरएफ२४एल०१ प्लस ही चिप घेऊ. ४ मिलिमीटर बाजूच्या चौकोनात रेडिओलहर निर्माण करणारा ऑसिलेटर, मिक्सर, अँप्लिफायर, मोड्युलेटर असे रेडिओचे सगळे भाग मावलेले असतात. बाहेर जोडायचं ते १६ मेगाहर्ट्झचा ठोका देणारं क्रिस्टल, अँटेना, २२ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि मोजके कपॅसिटर-इंडक्टर.

पूर्ण ताकदीनं पाठवताना ही चिप ११.३ मिलिअँपिअर घेते. नुसतं ऐकताना मात्र त्याहून जास्त, १३.५ पर्यंत! अँटेनाला मिळते जेमतेम १ मिलिवॉट. ३ व्होल्टवर एकूण खर्च होतो ३४ मिलिवॉट. बाकीची बरीचशी वीज २.४ गिगाहर्ट्झचा ऑसिलेटर अचूक चालता ठेवण्यात आणि आतल्या इतर सर्किटांत जाते, आणि ऑसिलेटर ऐकतानाही लागतोच. म्हणून पाठवण्याची ताकद साठ पटींनी घटवली तरी करंट ७ मिलिअँपिअरच्या खाली उतरत नाही. सेल वाचवायचा तर ताकद नव्हे, जागं राहण्याचा वेळ कमी करायला हवा.

३२ बाइटचा संदेश १ मेगाबिट वेगानं सुमारे ०.३३ मिलिसेकंदात जातो. क्रिस्टल सुरू होणं, ऑसिलेटर स्थिरावणं आणि संदेश मिळाल्याची पोच समोरच्या रिसीव्हरकडून घेणं धरून एका खेपेचा खर्च साधारण ७.५ मायक्रोअँपिअर-सेकंद. मिनिटाला एक खेप म्हटलं तर वर्षाला सव्वा मिलिअँपिअर-तासही होत नाही. गाढ झोपेतला ०.९ मायक्रोअँपिअर मात्र वर्षाला ८ मिलिअँपिअर-तास खातो. म्हणजे पाठवण्यापेक्षा झोपच महाग! प्रोग्राममध्ये पॉवर-डाउन या गाढ झोपेऐवजी चिप स्टँडबाय या हलक्या झोपेत राहिली, तर २६ मायक्रोअँपिअरनं वर्षभरात पूर्ण सेल संपतो. रिसीव्हर चालू राहिला तर १६ तासांत. म्हणून ऐकत बसणारं टोक नेहमी अडॅप्टरवर ठेवावं.

पोच आली नाही तर चिप आपणहून पुन्हा पाठवते, जास्तीत जास्त १५ वेळा. सोय उत्तम आहे, पण समोरचा रिसीव्हर बंद पडला की प्रत्येक खेपेचा खर्च सोळा पट होतो. अशा वेळी पुढची खेप लांबवणारा नियम प्रोग्राममध्ये हवाच. आणखी एक हमखास चूक: लांब पल्ल्यासाठी वेग २५० किलोबिट केला, पण पुन्हा पाठवण्याआधीची वाट मूळच्या २५० मायक्रोसेकंदांवरच राहिली. पोच तेवढ्यात पोहोचतच नाही. संदेश नीट मिळूनही चिप तोच पुन्हा पाठवत बसते. निदान ५०० मायक्रोसेकंद ठेवा. पोचेसोबत डेटा परत येत असेल तर आणखी जास्त.

मोड्यूल (चिप आणि तिचे सुटे भाग लावलेली तयार पाटी) मधूनच गप्प होत असेल तर आधी वीजपुरवठा पाहावा. जुन्या किंवा थंड सेलचा अंतर्गत रोध ३० ओहम झाला, तर १३ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच पडतात. मोड्यूलच्या पिनांलगत १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हा झटका तो झेलतो. लांब तारांच्या टोकाला लावून उपयोग नाही. पुरवठा १.९ ते ३.६ व्होल्टच हवा. डेटाच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, पुरवठ्याची पिन सोसत नाही.

वायफायचा गोंगाट टाळायला १०० च्या पुढचा चॅनेल घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. या चिपचा चॅनेल १०० म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ, आणि भारतातला विनापरवाना पट्टा २४८३.५ लाच संपतो. शेजारचं वायफाय त्याच्या स्वतःच्या १, ६ किंवा ११ क्रमांकाच्या चॅनेलवर असेल, तर चिपचे ७६ ते ८० हे चॅनेल बहुधा मोकळे मिळतात.

स्वस्त मोड्यूलवर नकली चिपाही असतात. त्या बोलतात व्यवस्थित, पण काही झोपेत जास्त वीज पितात. त्यामुळे झोपेतला करंट मोजून घ्यावा. मल्टीमीटर मायक्रोअँपिअरवर असताना चिप जागी झाली, तर मीटरच्याच रोधामुळे व्होल्टेज कोसळून सर्किट रीसेट होतं. त्यासाठी मीटरच्या दोन टोकांना समांतर स्विच जोडा, सुरुवातीला तो ऑन करून मीटर शॉर्ट ठेवा आणि सर्किट झोपल्यावरच ऑफ करा.