स्वतःचीच वाट पाहणारा थ्रेड

डेडलॉक (कुलपाची वाट पाहत कायमचं अडकून पडणं) व्हायला किमान दोन थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) लागतात, हा समज फार पक्का आहे. पुस्तकातलं चित्रच तसं असतं: दोघांकडे एकेक कुलूप आणि दोघेही दुसऱ्याच्या कुलपासाठी अडून बसलेले. खरं तर एकटा थ्रेडसुद्धा पुरतो.

समजा, सी भाषेतल्या एका प्रोग्राममध्ये पैसे जमा करणारं फंक्शन खात्याचं म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) लॉक करतं आणि आतून शिल्लक विचारणारं फंक्शन बोलावतं. तेही नियमाने तेच म्युटेक्स लॉक करायला जातं. कुलूप लागलेलं, म्हणून थांबतं. पण उघडणार कोण? जो थांबलाय तोच! प्रोग्राम गप्प, त्या थ्रेडचा सीपीयूवर भार शून्य, एररही नाही. ‘रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला इथे सर्व्हरला लिंबू-मिरची बांधण्याइतकाच गुणकारी.

लिनक्सवर काहीही न सांगता बनवलेलं म्युटेक्स असंच अडतं, कारण लॉक मागणारा आपलाच मालक आहे का, हे ते बघत नाही. म्युटेक्सचा प्रकार निवडून हा स्वभाव बदलता येतो. १९९५च्या पीथ्रेड मानकात (युनिक्ससारख्या सिस्टिमवरच्या थ्रेडचे नियम) ही सोय नव्हती, १९९७च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनने ती आणली. आधी अ‍ॅट्रिब्यूट (म्युटेक्सची सेटिंग्ज) तयार करायचं, सेटटाइप फंक्शनने त्यात प्रकार भरायचा, मग त्यावरून म्युटेक्स बनवायचं. नंतर अ‍ॅट्रिब्यूट बदललं तरी बनलेलं म्युटेक्स बदलत नाही.

रिकर्सिव्ह प्रकार मालकाची नोंद आणि एक मोजणी ठेवतो. त्याच थ्रेडने तीनदा लॉक केलं की मोजणी ३. तीनदा अनलॉक झाल्यावरच कुलूप उघडतं. सगळीकडे हेच लावून मोकळे होणारे बरेच आहेत. पण कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडने जागं करेपर्यंत झोपवणारी सोय) थांबताना म्युटेक्स एकदाच सोडलं जातं. मोजणी २ असेल तर १ उरते, कुलूप बंदच राहतं. ज्याने येऊन जागं करायचं, तो बाहेर ताटकळतो. म्हणजे पुन्हा डेडलॉक, फक्त शोधायला अवघड.

मला एररचेक हा प्रकार आवडतो. दुसऱ्यांदा लॉक मागितलं की तो थांबवून ठेवत नाही, ईडेडएलके हा एरर परत देतो. मात्र तो वाचावा लागतो. नाही वाचला तर आतलं फंक्शन लॉक मिळाल्याच्या भ्रमात काम उरकून अनलॉक करतं, आणि ते अनलॉक खरंच होतं! बाहेरचं फंक्शन उरलेलं काम उघड्या तिजोरीसमोर करत राहतं.