बचत किती झाली की जास्त होते?

दिवाळी जवळ आली की नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांवर फलक लागतात आणि वाहिन्यांवर सांगितले जाते की खरेदी करा, त्यानेच अर्थव्यवस्था वाढते. घरातली वडीलधारी माणसे नेमके उलट सांगतात, हात आखडता घ्या, बचतीनेच देश मोठा होतो. दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण चक्क कागदावर काढता येते.

हिंगण्याच्या एमआयडीसीतला एक कारागीर डोळ्यांसमोर आणा. कच्चा माल वजा जाता १ लाखाच्या यंत्रांवर तो वर्षाला १ लाखाचे उत्पादन काढतो असे धरू. दुसरा लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, आणला म्हणून काम दुप्पट होत नाही. हात दोनच, एका यंत्राच्या पकडीत (चकमध्ये) कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, पकडला की दुसरा लेथ उभाच. उत्पादन २ लाखांवर न्यायला ८ लाखांची यंत्रे लागतात, ३ लाखांवर न्यायला २७ लाखांची. म्हणजे उत्पादन हे यंत्रांच्या, अर्थात भांडवलाच्या, रकमेचे घनमूळ. हे घनमूळ हवेतून आणलेले नाही. राष्ट्रीय उत्पन्नात भांडवलाचा वाटा एक तृतीयांश धरला की अर्थशास्त्रातल्या नेहमीच्या उत्पादन-सूत्रातून तेच निघते.

आता घसारा, म्हणजे यंत्रांची झीज. लेथचा बेड (पाया) झिजतो, स्पिंडलचे (फिरत्या दांड्याचे) बेअरिंग आवाज करू लागते, माल मापात येईनासा होतो. वर्षाला १० टक्के धरा. १ लाखाच्या यंत्रांसाठी दरसाल १० हजार बाजूला काढले, हीच बचत, की यंत्रे आहेत तशी राहतात आणि खायला ९० हजार उरतात. ८ लाखांच्या यंत्रांना ८० हजार लागतात, उरतात १ लाख २० हजार. २७ लाखांच्या यंत्रांना मात्र २ लाख ७० हजार! उत्पादन तिप्पट झाले आणि ताटात पडले ३० हजार.

मधल्या साऱ्या पायऱ्या तपासल्या तर उपभोगाचे, म्हणजे खायला उरणाऱ्या रकमेचे, शिखर उत्पादनाच्या ३३ टक्के बचतीवर येते. तिथे भांडवल ६ लाखांच्या किंचित वर असते आणि उपभोग जवळपास १ लाख २२ हजार. या बिंदूवर भांडवलाच्या शेवटच्या रुपयातून १० पैसे जास्तीचे उत्पादन मिळते आणि त्याच रुपयाचा घसाराही १० पैसेच असतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आर्थिक वाढीच्या प्रतिमानावरून (मॉडेलवरून) अर्थतज्ज्ञ एडमंड फेल्प्स यांनी १९६१ मध्ये हा ‘सुवर्ण नियम’ काढला. लोकसंख्या आणि तंत्रज्ञान वाढत असतील तर त्यांच्या वाढीचे दर घसाऱ्यात मिळवायचे. मग शिखरावरचे भांडवल उत्पादनाच्या मानाने कमी होते, पण बचतीचा दर एक तृतीयांशच राहतो. भांडवलाचा वाटा अर्धा असेल तर मात्र शिखर ५० टक्क्यांवर सरकते.

म्हणूनच निव्वळ टक्केवारी पाहून निकाल देऊ नये. चीनमध्ये गुंतवणूक उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून जास्त आणि घरगुती उपभोग ४० टक्क्यांच्या आसपास आहे. भारतात गुंतवणूक साधारण ३० आणि खासगी उपभोग ६० टक्क्यांच्या घरात. आपल्याला अजून चढायला जागा आहे असे माझे मत. मात्र बचत वाढवली की पहिली काही वर्षे ताट आधीपेक्षा रिकामे असते. उत्पादन नंतर वाढते, पोट आजच आवळावे लागते.

हे टाळायला देश बाहेरून पैसा आणतात. बचतीतून गुंतवणूक वजा केली की जी तूट दिसते, तीच चालू खात्यावरची तूट. थायलंडमध्ये १९९६ साली ती उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के होती आणि जुलै १९९७ मध्ये तिथले चलन बाहत कोसळले. आपली तूट २०१२-१३ मध्ये ४.८ टक्के झाली, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला.

त्या तुटीत सोन्याचा हात मोठा होता. अक्षय्य तृतीयेला घेतलेले सोने अक्षय्य वाढते, या समजुतीने इतवारीच्या सराफ्यात आजही रांगा लागतात. कपाटातल्या बांगडीने एकही जॉब कातला जात नाही. तिला घसारा नाही हे खरे, पण उत्पादनही नाही, आणि सोने जवळपास सगळे आयातीचे. २०१२-१३ च्या आयातीत खनिज तेलाखालोखाल सोनेच होते. ऑगस्ट २०१३ पर्यंत सरकारला त्यावरचे सीमाशुल्क १० टक्क्यांवर न्यावे लागले.