नाक ओलं म्हणजे कुत्रा ठणठणीत?

“नाक ओलं आहे ना, मग काही झालेलं नाही त्याला,” हे नागपुरात घरोघरी ऐकू येतं. खरं नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि कुत्रा दिवसभर कूलरसमोर, मग धडधाकट असला तरी नाक कोरडं पडणारच. उलट गोचीडतापातही नाक ओलं राहू शकतं. ताप खात्रीने कळतो तो गुदद्वारात थर्मामीटर लावून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, म्हणजे आपला ताप तो त्याचा नॉर्मल! (हात लावून ‘गरम लागतोय’ म्हणणारे इथेच फसतात.) गोचीडतापाचा संशय असेल तर रक्तच तपासावं लागतं. काचपट्टीवर थेंब पसरून, रंगवून पाहिला की बबेसिया हा गोचीडतापाचा एक जंतू तांबड्या पेशींत दिसतो. एर्लिकिया या दुसऱ्या जंतूमुळे झालेल्या गोचीडतापात बहुधा प्लेटलेट्स घसरतात. पण स्लाइडवर जंतू सापडला नाही म्हणजे आजार नाहीच, असंही नसतं. अशा वेळी डॉक्टर पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, सांगतात.